पॅनच्या पावतीवरची कंपनी नेमकी कोणाची? एनएसडीएल ते प्रोटियन, सोप्या भाषेत

चोपडा घ्या, शहादा घ्या, साक्री घ्या, तहसील कचेरीच्या आजूबाजूला ओळीनं दुकानं असतात, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सातबारा, आणि फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात 'पॅन कार्ड काढून मिळेल'. आत गेलं की कॉम्प्युटरवर बसलेला पोरगा हमखास विचारतो, "काका, एनएसडीएलमधून टाकू का यूटीआयमधून?" आणि काका म्हणतात, "टाक रे भो कुठूनबी, कार्ड आलं म्हणजे झालं." या प्रश्नामागे जवळपास तीस वर्षांची गोष्ट आहे आणि ती कोणी नीट सांगत नाही, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट म्हणजे एनएसडीएल काय किंवा यूटीआय काय, यातलं एकही आयकर खात्याचं ऑफिस नाही. पॅन देतं आयकर खातंच, पण अर्ज घेणं, कागद तपासणं, माहिती भरणं, कार्ड छापणं आणि पोस्टात टाकणं हे सगळं काम खात्यानं बाहेरच्या दोन संस्थांना दिलं. यूटीआय म्हणजे यूटीआयआयटीएसएल, ती सरकारी मालकीची, तिला हे काम 2003 ला मिळालं. आणि आपण ज्याला एनएसडीएल म्हणतो ती कंपनी 2004 ला आली, तिचं आजचं नाव प्रोटियन ई-गव्ह टेक्नॉलॉजीज. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे, मुंबईला लोअर परळला ऑफिस. म्हणजे तुमचं-आमचं सगळ्यात महत्त्वाचं टॅक्सचं कागदपत्र वर्षानुवर्षं एका अशा कंपनीच्या हातून जातं जिच्यात सरकार मालक नाही, गिऱ्हाईक आहे. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण हे चालतं कसं ते माहीत असावं.

या कंपनीचा जन्म टॅक्समधून झालाच नाही, झाला शेअरच्या कागदांमधून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत शेअर म्हणजे खराखुरा छापील कागद असायचा. ज्यांच्या घरात आजोबांनी थोडेफार शेअर घेऊन ठेवलेत त्यांनी ते जाडसर सर्टिफिकेट बघितलं असेल. विकायचं म्हटलं की त्याच्यासोबत ट्रान्सफर डीड जोडायचं, स्टॅम्प लावायचे, सही करायची, मग ते ब्रोकरकडून मुंबईला, तिथून कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, आणि तिथं कोणी तरी म्हणायचं की सही जुळत नाही, झाला कागद परत. याला बाजारात 'बॅड डिलिव्हरी' म्हणायचे. कागद टपालात हरवायचे, चोरी व्हायचे, खोटेसुद्धा छापले जायचे. मुंबईच्या माणसाला चकरा मारता यायच्या, जळगाव-धुळ्याच्या माणसानं काय करायचं, तो महिनोन्महिने वाट बघायचा.

यावर उपाय म्हणून डिसेंबर 1995 मध्ये नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरी लिमिटेड नावाची कंपनी काढली, मागे आयडीबीआय, यूटीआय (म्हणजे युनिट ट्रस्ट, वर सांगितलेली पॅनवाली यूटीआयआयटीएसएल नव्हे) आणि एनएसई हा शेअर बाजार. 1996 ला डिपॉझिटरी कायदा आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात काम सुरू झालं. सुरुवातीची बरीच वर्षं कंपनीचे प्रमुख होते सी. बी. भावे, आधी महाराष्ट्र केडरचे आयएएस अधिकारी, मग शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीत, आणि 2008 ला परत सेबीचे अध्यक्ष म्हणून गेले. म्हणजे कंपनी सरकारी नाही पण तिला चालवणाऱ्याला सरकारचं काम आतून माहीत, हे मला या सगळ्या गोष्टीत फार महत्त्वाचं वाटतं.

त्यांनी एक गोष्ट अशी केली की पुढचं सगळं त्याच्यावरच उभं राहिलं. कंपनीनं गावोगावी स्वतःची ऑफिसं उघडलीच नाहीत. बँका आणि ब्रोकर लोकांना एजंट केलं, लोकांशी व्यवहार त्यांनी करायचा आणि मधोमध एकच मोठं रजिस्टर कंपनीनं सांभाळायचं, कोणाकडे कोणत्या कंपनीचे किती शेअर. डिमॅट म्हणतो आपण ते हेच. जागोजागी दुसऱ्यांचे काउंटर, मधे आपली अचूक नोंद, आणि प्रत्येक नोंदीमागे थोडीशी फी. एवढं एक कसब या कंपनीनं कमावलं.

आता त्या काळात आयकर खात्याची अवस्था बघा. तिथंही कागदच कागद. टीडीएस म्हणजे पैसे हातात देण्याआधीच कापलेला टॅक्स, तो कापणाऱ्यानं कागदावर रिटर्न भरायचं, बँकेत चलन भरलं की त्याच्या प्रती वेगवेगळ्या टेबलांवर जायच्या, ज्याचा टॅक्स कापला त्याला टीडीएसचं कागदी सर्टिफिकेट मिळायचं आणि ते त्यानं स्वतःच्या रिटर्नला जोडायचं. आता हे सर्टिफिकेट खरं का खोटं, कापलेले पैसे सरकारच्या तिजोरीत खरंच गेले का, हे जुळवून बघायला माणूसबळच नव्हतं. दुखणं तेच, शेअरच्या कागदासारखं. म्हणून 2004 च्या सुमारास खात्यासाठी या कंपनीनं टॅक्स इन्फर्मेशन नेटवर्क म्हणजे टिन उभं केलं. गावोगावी टिन केंद्रं झाली, ती चालवणारे परत एजंटच, बँकांनी चलनाची माहिती ऑनलाइन टाकायला सुरुवात केली, आणि कापणाऱ्यानं भरलेलं रिटर्न आणि बँकेनं टाकलेलं चलन हे दोन्ही कॉम्प्युटरवर जुळायला लागलं.

हे जुळणं म्हणजे काय ते एका उदाहरणानं सांगतो. समजा पाचोऱ्याच्या एका शाळेत सर आहेत, पगारातून शाळेनं टीडीएस कापला. शाळेचा एक टॅन नंबर (टॅक्स कापणाऱ्याचा नंबर), सरांचा एक पॅन नंबर. क्लार्कनं तिमाही रिटर्न भरताना पॅनमधलं एक अक्षर चुकवलं, तर पैसे सरकारकडे पोचले पण सरांच्या नावावर ते दिसतच नाहीत, आपल्या नावावर किती टॅक्स जमा झाला ते दाखवणारा फॉर्म 26एएस उघडला की रकाना रिकामा. मग सरांना वाटतं सरकारनं पैसे खाल्ले, सरकारला वाटतं सरांनी टॅक्स भरला नाही, आणि खरी भानगड शाळेच्या ऑफिसात एका अक्षरात असते. पूर्वी ही चूक सापडायलाच वर्षं जायची, आता मोबाईलवर दिसते, करेक्शन रिटर्न भरलं की सुधारते. माझ्या मते टिनचं खरं मोल यात आहे, वेबसाइट वगैरे नंतरची गोष्ट.

पॅनचं काम याच्याच जोडीला आलं. पॅन स्वतः जुनं आहे, 1972 पासून, पण आजचा दहा अक्षर-आकड्यांचा नंबर 1995 नंतरचा. त्यातलं चौथं अक्षर सांगतं की हा माणूस आहे का कंपनी का ट्रस्ट, माणसाला 'पी'. पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर. आपल्याकडे पाटील आणि पवार इतके आहेत की खान्देशात कुठल्याही दहा-वीस जणांचे पॅन काढून बघा, मधे 'पीपी' असलेले किती तरी निघतील. चौधरी असेल तर 'पीसी', सोनवणे किंवा सूर्यवंशी असेल तर 'पीएस'. आपलं कार्ड काढून बघा, खोटं वाटणार नाही.

आता वर्षानुवर्षं चालत आलेला तो 49ए नंबरचा फॉर्म जरा जवळून बघू, कारण या धंद्यातली खरी मेहनत तिथं दिसते. दोन फोटो चिकटवायचे. डावीकडच्या फोटोवर आडवी सही, अर्धी फोटोवर अर्धी कागदावर. उजवीकडच्या फोटोला मात्र धक्का लावायचा नाही, त्याच्या खालच्या चौकटीत सही, आणि ती चौकटीच्या बाहेर गेली की अर्ज परत. आडनाव आधी लिहायचं, नावाचं नुसतं पहिलं अक्षर चालत नाही, पूर्ण लिहा. आणि ज्याला सही येत नाही त्यानं डाव्या अंगठ्याचा ठसा द्यायचा, पण तो ठसा मॅजिस्ट्रेट, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून सही-शिक्क्यानिशी साक्षांकित करून आणायचा. आता धडगावच्या डोंगरातल्या पाड्यावरची म्हातारी आजी डोळ्यासमोर आणा, बँकेनं पॅन मागितला म्हणून ती गाडीत बसून खाली आली, तिला आधी नोटरी शोधायचा, त्याचे पैसे वेगळे, जाण्या-येण्याचं भाडं वेगळं. नियम खात्याचा आहे, कंपनी तो पाळते, पण तो पाळण्याचा सगळा भार काउंटरवरच्या पोरावर आणि त्या आजीवर पडतो. सरकारी टेक्नॉलॉजीच्या मोठमोठ्या आकड्यांमध्ये ही आजी कुठंच दिसत नाही आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं.

पैशाचं गणित मात्र सोपं आहे. छापील कार्डासाठी देशातल्या पत्त्यावर 107 रुपये अशी फी बरीच वर्षं राहिली. यातून छपाई, टपाल, तपासणी, एजंटाचा वाटा, जीएसटी हे सगळं जाऊन उरेल ते कंपनीचं. बाजार समितीतल्या अडत्यासारखं समजा, माल त्याचा नाही, घेणारा वेगळा, पण जेवढे क्विंटल काट्यावरून जातील तेवढी त्याची अडत. त्यामुळे अशी कंपनी मोठी होते ती भाव वाढवून होत नाही, नग वाढले की होते. आणि नग वाढवायचं काम सरकारच करतं. 2016 च्या सुरुवातीपासून दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागायला लागला, आणि जळगावच्या सराफ बाजारात लग्नाचं सोनं घ्यायला येणाऱ्या कित्येक घरांत पॅन निघाला तो टॅक्ससाठी नाही, सोन्यासाठी. बँक खातं, कर्ज, म्युच्युअल फंड, सगळीकडे पॅन मागायला लागले. नियम दिल्लीत बदलतो आणि गर्दी आपल्या गावच्या झेरॉक्सच्या दुकानात होते. उलट दिशेनंही होतं तसं, मे 2020 मध्ये आयकर खात्यानं आधारवरून दहा मिनिटांत फुकट ई-पॅन द्यायला सुरुवात केली, म्हणजे एवढे नग या काट्यावरून गेलेच नाहीत.

कंपनीचं दुसरं मोठं काम पेन्शनचं. 1 जानेवारी 2004 पासून केंद्र सरकारच्या नव्या नोकरदारांना जुनी पेन्शन बंद होऊन एनपीएस म्हणजे पगारातून कपात करून जमवायची नवी पेन्शन आली, आपल्या राज्यात 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना नवी योजना. प्रत्येकाचं वेगळं खातं, दर महिन्याला पगारातून कपात, सरकारचा वाटा, तो कोणत्या फंडात किती गेला, हे सगळं कोणी तरी लिहून ठेवायला हवं की नाही. ते लिहून ठेवणारी मध्यवर्ती एजन्सी म्हणजे सीआरए, आणि पहिली सीआरए हीच कंपनी. ज्या गुरुजींच्या पाकिटात प्रान कार्ड म्हणजे एनपीएस खात्याच्या नंबरचं कार्ड आहे त्यांनी आठवून बघावं, वेबसाइटवर एनएसडीएल हे नाव दिसायचंच. मार्च 2023 मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभर कर्मचारी संपावर गेले तेव्हा आपल्याकडच्या शाळाही बंद होत्या. त्या भांडणाशी या कंपनीचा संबंध नाही, योजना सरकारची आहे, ती फक्त वही सांभाळते. पण पेन्शनची वही सांभाळणं हा धंदा म्हणून पक्का, कारण पॅन माणूस सहसा एकदाच काढतो आणि पेन्शन खातं तीस-पस्तीस वर्षं चालतं, दरवर्षी थोडी फी येत राहते. 2015 ला अटल पेन्शन योजना आली, तिच्या खात्यांची वहीसुद्धा इकडेच. पुढे सरकारनं या कामात दुसऱ्यांनाही आणलं, 2017 ला कार्वी म्हणजे आताची केफिनटेक, आणि 2022 ला कॅम्स. मक्तेदारी गेली, आणि ते बरंच झालं, लोकांचे पैसे एकाच वहीत नसावेत.

मधे 2012 ला एक उलथापालथ झाली आणि तिथूनच लोकांचा गोंधळ सुरू झाला. शेअरची डिपॉझिटरी आणि सरकारी कामं ही दोन खाती वेगळी करायची ठरलं. डिपॉझिटरीचं काम एका नव्या कंपनीत गेलं आणि एनएसडीएल हे नावही तिलाच मिळालं. मूळ 1995 ची कंपनी राहिली सरकारी कामं घेऊन, तिचं नाव झालं एनएसडीएल ई-गव्हर्नन्स इन्फ्रास्ट्रक्चर, आणि डिसेंबर 2021 मध्ये प्रोटियन. म्हणजे जुनं नाव नव्या कंपनीकडे आणि नवं नाव जुन्या कंपनीकडे! 2025 च्या जुलै अखेरीस एनएसडीएलचा आयपीओ आला, म्हणजे तिचे शेअर पहिल्यांदा लोकांना विकायला काढले, तेव्हा कित्येकांना वाटलं की पॅनवाली कंपनी आली बाजारात. पॅनवाली त्याच्या आधीच येऊन गेली होती, नोव्हेंबर 2023 ला, 792 रुपयांना एक शेअर, एकूण साधारण 490 कोटी. हे सगळे पैसे जुन्या भागधारकांना गेले, त्यात एनएसईची गुंतवणूक कंपनी होती, काही बँका होत्या, त्यांनी आपला वाटा विकला. कंपनीच्या तिजोरीत यातून एक रुपया आला नाही. आपल्याकडे आयपीओ म्हटलं की लोकांना वाटतं कंपनी आता त्या पैशातून काही तरी मोठं उभारणार, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता येतो खऱ्या मुद्द्यावर. पीडब्ल्यूडीच्या रस्त्याचं टेंडर कसं निघतं ते आपल्याकडे लहान पोरालाही माहीत, सॉफ्टवेअरचंही तसंच निघतं, फक्त भाषा वेगळी. खातं एक जाडजूड कागद काढतं, आरएफपी, त्यात काम काय, किती दिवसांत, कंपनीची उलाढाल किती हवी, असं काम आधी केलंय का. मग दोन लिफाफे. पहिल्यात तांत्रिक माहिती, तिच्यावर मार्क, आणि त्यात पास झालात तरच दुसरा लिफाफा उघडणार, त्यात भाव. कधी सगळ्यात कमी भाववाल्याला काम, ज्याला 'एल वन' म्हणतात, कधी मार्क आणि भाव दोन्हीची बेरीज करून. काम मिळालं की बँक गॅरंटी ठेवायची, सर्व्हर ठरल्यापेक्षा जास्त वेळ बंद पडला की दंड. आणि मुदत संपली की परत टेंडर. वीस वर्षं तुम्ही कितीही चोख काम केलं असू द्या, पुढचं काम तुमचंच असं कुठंच लिहिलेलं नसतं.

प्रोटियनला हे मे 2025 मध्ये भोगावं लागलं. त्याच्या आधी 25 नोव्हेंबर 2024 ला केंद्र सरकारनं पॅन 2.0 ला मंजुरी दिली होती, 1435 कोटींचा प्रकल्प. देशात पॅन झाले होते सुमारे 78 कोटी, आणि कामं तीन वेगवेगळ्या पोर्टलवर विखुरलेली, आयकरचं स्वतःचं, यूटीआयचं आणि प्रोटियनचं. सरकार म्हणालं सगळं एकाच पोर्टलवर आणू, ई-पॅन फुकट मेलवर, छापील कार्ड हवं तर देशातल्या पत्त्यावर 50 रुपयांत. या कामासाठी प्रोटियननंही बोली लावली होती. मे मध्ये कंपनीनं शेअर बाजाराला कळवलं की आयकर खात्यानं पुढच्या फेरीसाठी आपला विचार केलेला नाही. सोमवारी बाजार उघडला आणि शेअर एका दिवसात 20 टक्के खाली. नंतर काम मिळालं लार्सन अँड टुब्रो गटातल्या एलटीआयमाइंडट्रीला.

नीट बघा, त्या दिवशी कंपनीचा एकही सर्व्हर बंद पडला नव्हता. चालू असलेलं पॅनचं काम चालूच होतं आणि कंपनीनंही तेच सांगितलं. पण कमाईचा मोठा हिस्सा पॅन आणि टॅक्सच्या कामातून, आणि ते काम देणारं गिऱ्हाईक एकच, मग बाजार घाबरणारच. टॅक्सचं चलन ऑनलाइन भरायचं काम असंच 2022 नंतर हळूहळू आयकर खात्याच्या स्वतःच्या पोर्टलवर गेलं होतं. सरकारी कामाची कंपनी कोटींच्या संख्येनं लोकांची कामं करते तरी त्यातला एकही माणूस तिचं गिऱ्हाईक नसतो, ही या धंद्याची सगळ्यात अवघड बाजू. चोपड्याच्या दुकानात काका म्हणाले 'टाक कुठूनबी', ते अगदी बरोबरच म्हणाले, त्यांना नावाशी काय करायचंय.

त्याच वर्षी कंपनीनं दुसऱ्या बाजूनं भर काढली. ऑगस्ट 2025 मध्ये आधारच्या प्राधिकरणाकडून सुमारे 1160 कोटींचं काम मिळालं, देशातल्या 188 जिल्ह्यांत आधार सेवा केंद्रं उभी करायची आणि सहा वर्षं चालवायची. पॅनमधून थेट आधारकडे.

आणि आधार म्हटलं की आपल्याला जास्त काही सांगायला नको, देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते. तेव्हाही पडद्यामागे ठेकेदार कंपन्याच होत्या, बोटांचे ठसे आणि बुबुळं जुळवण्याच्या कामाला अ‍ॅक्सेंचर, महिंद्रा सत्यम-मॉर्फो आणि एल-वन आयडेंटिटी अशा तिघांना घेतलं होतं, आणि गावोगावी मशीन घेऊन फिरणाऱ्या एजन्सींना यशस्वी नोंदणीमागे पैसे मिळायचे. परत तेच, काट्यावरून जाईल तेवढं. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसाचा ठसा दहादा लावूनही उमटत नाही, त्याला जास्त वेळ लागतो, आणि मोजणी नगावर असली की काउंटरवाल्याला तो माणूस नकोसा होतो. म्हणून असलं काम देताना नुसते नग मोजू नयेत, परत पाठवलेली माणसंही मोजावीत, त्याचा दंड लावावा असं माझं स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे ते सांगतो. पॅन 2.0 आलं म्हणून जुनं कार्ड बाद होत नाही, नवीन काढायला कोणी पैसे मागत असेल किंवा लिंक पाठवत असेल तर देऊ नका आणि दाबू नका. दुकानातून अर्ज टाकला की पावतीवरचा नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, प्रोटियनचा असेल तर तो 15 आकडी असतो, त्याच्यावरून कार्ड कुठं अडकलं ते घरबसल्या दिसतं. नवीन आधार नोंदणी फुकट आहे, त्याचे पैसे कोणीच मागायचे नसतात, मागितले तर 1947 वर फोन करा. आणि पॅनमध्ये नाव किंवा जन्मतारीख चुकली तर दुकानवाल्याशी भांडून उपयोग नाही, त्याच्या हातात नुसता फॉर्म असतो. दुरुस्तीचा अर्ज टाका, तो अडला तर आयकर खात्याच्या 1800 180 1961 या नंबरवर लावा, कारण कंपनी उद्या बदलेल, पण तुमच्या पॅनला जबाबदार खातंच आहे.